छत्तीसातलं एक घर

मित्रांनो, रायपूरच्या पुरानी बस्तीत एका बैठ्या घराच्या ओसरीवर खडूचा एक डबा ठेवलेला असतो. त्या डब्यात राहणारा मी एक जुना फासा आहे. बीजा, म्हणजे बिबळ्याच्या लाकडाचा, आवळ्याएवढा. अंगाला खडूचा वास येतो. पूर्वी चंदनाचा यायचा, कारण पूर्वी मी देवघरात राहत होतो, एका पितळी डबीत, अन्नपूर्णेच्या उजव्या हाताला. देवघरातून ओसरीवर कसा आलो, ते सांगतो. गोष्ट फार गोड नाही. पण फासे तुम्हा मुलांच्याच हातात जास्त येतात, म्हणून ती तुम्हीच ऐकायला हवी.

मला घडवलं बिसाहू नावाच्या सुतारानं. देवळाच्या दारासाठी आणलेल्या लाकडातला एक तुकडा उरला होता. त्याने तो सहाही अंगांनी सारखा तासला, घासला आणि तापलेल्या खिळ्याने माझ्या अंगावर ठिपके डागले. एकाच्या पाठीशी सहा, दोनाच्या पाठीशी पाच, तिनाच्या पाठीशी चार. मग कटोराभर पाण्यात सोडून बोटाने गरगर फिरवलं. एखादी बाजू जड राहिली असती तर तीच पुन्हा पुन्हा खाली गेली असती. तशी गेली नाही. कधी ही वर आली, कधी ती. बिसाहू म्हणाला, "बने हे." छत्तीसगढीत याचा अर्थ, छान झालं.

माझ्या जन्माची एवढीच कुंडली. सहा बाजू, सहाही सारख्या, एकही लाडकी नाही. मला टाकलं की कुठलाही एक आकडा पडण्याची शक्यता सहात एक. सम आकडा हवा असेल तर दोन, चार, सहा, म्हणजे सहात तीन. एक सोडून काहीही चालत असेल, तर सहात पाच. मी कुणावर प्रसन्न होत नाही आणि कुणावर रुसतही नाही. हे मी पहिल्या दिवसापासून ओरडून सांगितलं असतं, पण लाकडाला तोंड कुठलं?

मला विकत घेतलं अनंतरावांनी. हे मूळचे वर्ध्याकडचे, रेल्वेच्या कचेरीत बाबू. घरात पत्नी वनमालाबाई, मुलगा पराग आणि धाकटी राधिका. दिवाळीच्या पाडव्याला शिवपार्वती सारीपाट खेळले असं सांगतात, म्हणून त्या सकाळी देवासमोर फासा टाकायचा आणि जे दान पडेल तसं पुढचं वर्ष जाईल असं मानायचं, ही त्यांच्या घराण्याची रीत होती. रीत गोड होती. आंघोळ झालेली, तेलाचा वास, चकलीचं ताट, आणि मी पाटावर गडगडायचो. त्यात वाईट काही नव्हतं. वाईट नंतर आलं, जेव्हा माझ्यावर विश्वास बसला.

राज्य नवं झालं आणि रायपूर राजधानी झाली, त्या वर्षीची गोष्ट. अनंतरावांना बिलासपूरला बदली होण्याची धास्ती होती. पाडव्याला त्यांनी हात जोडून म्हटलं, सहा पडला तर बदली टळेल. आणि सहा पडला. बदली टळलीही. पुढे त्यांच्याच एका सोबत्याने चहा पिताना सांगितलं की साहेबांनी ती यादी दसऱ्याआधीच बदलली होती. मी पडलो तेव्हा सगळं ठरून गेलेलं होतं. पण ते कोणी मनावर घेतलं नाही. माझ्या सहाच्या बाजूवर कुंकू लागलं, मला पितळी डबी मिळाली, आणि शेजारपाजारच्या बाया येता-जाता मला नमस्कार करू लागल्या. तुम्हाला कुणी न केलेल्या कामाची शाबासकी दिली आहे का? सुरुवातीला बरं वाटतं.

त्या घरात मला ओळखलं ते एकट्या राधिकेनं. तेव्हा ती फ्रॉकमध्ये होती. दुपारी आईचा डोळा लागला की ती मला डबीतून हळूच काढायची आणि समोर चिंचोक्यांचा डबा घ्यायची. मला टाकायचं, जो आकडा पडेल त्या जागी एक चिंचोका ठेवायचा. असे सहा ढीग. आधी सहाचा ढीग मोठा झाला, चाराचा अगदी बारका राहिला. तिला ते आवडलं नाही. ती टाकतच राहिली. डबा संपत आला तसे ढीग एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. ती स्वतःशीच म्हणाली, "अरे, हे तर सगळे सारखे होऊन राहिले."

मला इतका आनंद कुंकवानेही झाला नव्हता. पण तेवढ्यात अनंतराव आले. देवाचा फासा आहे, पोट्ट्यांचं खेळणं नाही, असं म्हणून त्यांनी मला उचललं, गंगाजलाने धुतलं आणि डबी वरच्या फळीवर ठेवली.

पराग बारावीला गेला, त्याला नागपूरला इंजिनियरिंगला जायचं होतं. पाडव्याला अनंतराव देवाला म्हणाले, एक पडला तर तुझी इच्छा नाही असं समजू. बाकी काहीही पडो, पोट्टा जाईल.

मित्रांनो, प्रश्न नीट ऐकलात ना? सहात पाच बाजू परागच्या. विरोधात फक्त एक.

परागने मला टाकलं आणि नेमका एक पडला. मग अनंतरावच हसले. "अबे, असा उकिडवा बसून टाकते का कोणी? हात घसरला तुझा. नीट मांडी घालून बस अन् पुन्हा टाक." परागने मांडी घातली. चार पडला. पेढे वाटले गेले. देवाने कौल दिला, असं गल्लीभर सांगून झालं.

दोनदाही एक पडला असता तर? छत्तीस वेळांत एकदा होऊ शकतं तसं. पण मी त्या घरात राहिलो आहे. तेव्हा तिसऱ्यांदा टाकायला मिळालं असतं, हे मला ठाऊक आहे.

पराग दोन वर्षांनी परत आला. तिथला अभ्यास झेपला नाही. आता शंकर नगरात त्याचं मोबाइलचं दुकान आहे. त्यावरून मला कोणी जाब विचारला नाही. मुलाच्या वेळी कौल चुकत नसतो, फक्त दिवस वाईट असतात.

राधिका बी.एस्सी. झाली, गणितात. शहराबाहेर वसवलेल्या नव्या रायपुरात मंत्रालय जाऊन बसलं होतं, नव्या कचेऱ्या उघडत होत्या. त्यातल्या एका आकडेवारीच्या कचेरीसाठी तिने परीक्षा दिली. गणपती उठल्यावर एका दुपारी मैत्रिणीचा फोन आला की निवड झाली, दिवाळीनंतर हजर व्हायचं आहे.

त्या वेळी घर जेवायला बसलं होतं. वनमालाबाईंचा चातुर्मासाचा नेम होता, जेवताना मौन. मीठ हवं असलं तरी त्या बोटाने दाखवायच्या. वर्षानुवर्षं हा नेम त्यांनी मोडला नव्हता. त्या दिवशी मोडला. राधिकाने फोन ठेवून सांगितलं आणि वनमालाबाईंच्या तोंडून घासासकट निघालं, "माझ्या पोट्टीचं नाव लागलं वो बाई!" लगेच त्यांनी तोंडावर हात ठेवला. ताट तसंच सारलं. त्या दिवशी त्या पुन्हा जेवल्या नाहीत.

अनंतरावांनी त्या संध्याकाळी पेढे आणले नाहीत. त्यांचं म्हणणं होतं, तिथले रस्ते एवढे रुंद की पलीकडचा माणूस दिसत नाही, आणि माणूसही नाही. दिवस मावळला की बस नाही. पोरीच्या जातीनं रोज तिकडे जाऊन काय करायचं? भीती अगदीच खोटी नव्हती. बस खरंच कमी होत्या. पण कचेरीतल्या तीन मुली मिळून गाडी ठरवत होत्या, त्याची चौकशी करायलाही ते गेले नाहीत. मित्रांनो, त्यांना नाही म्हणायचं होतं आणि मुलीच्या तोंडावर नाही म्हणवत नव्हतं. म्हणून त्यांनी मला पुढे केलं. पाडव्याला देवालाच विचारू, म्हणाले.

पाडव्याची सकाळ झाली. वनमालाबाईंनी पाटाभोवती रांगोळी घातली. त्या मनाशी म्हणत होत्या की चार-पाच वर्षं झाली, सहा पडला नाही, यंदा पडायचाच. आई, तसं नसतं हो. मी मागची दानं मनात ठेवून पडत नाही. दहा वर्षं सहा पडला नसला तरी पुढच्या वेळी शक्यता तीच, सहात एक.

अनंतरावांनी हात जोडले. "सहा पडला तर पोट्टी जाईल. नाही तर तुझी मर्जी नाही."

राधिका चमकली. "बाबा, दादाच्या वेळी एक सोडून काहीही चाललं असतं. मले फक्त सहाच काहून?"

"त्याचं वेगळं होतं."

"काय वेगळं होतं?"

"देवासमोर हिशेब नोको करू. टाक."

पराग भिंतीला टेकून मोबाइल बघत होता. तो मान वर न करता म्हणाला, "डाल दे ना राधिका, क्या फर्क पड़ता है."

तिने मला मुठीत घेतलं. तिचा तळवा गार होता. मांडी आधीच नीट घातलेली होती, ते कोणाला सांगावं लागलं नाही. मी पाटावर आपटलो, दोनदा उलटलो, रांगोळीच्या कडेला अडलो.

सहा पडला.

मी तिच्यासाठी पडलो असं सांगायला मला फार आवडलं असतं. पण खोटं बोलणार नाही. सहात एकदा पडतो, तसा पडलो. वनमालाबाई ओवाळायला निरांजनाची ताटली घेऊन पुढे आल्या. राधिकाने हसून बापाकडे पाहिलं. आणि अनंतराव म्हणाले, "एकदा पडला तो योगायोग. खरा कौल असंल तर पुन्हा पडंल. पुन्हा टाक."

मग राधिका बोलली, आवाज न चढवता. "बाबा, दादाले पुन्हा टाकू दिलं ते वाईट पडलं म्हणून. मले पुन्हा टाकायले लावता ते चांगलं पडलं म्हणून."

"देवाच्या मनात असंल तर शंभरदा सहा पडंल," ते म्हणाले. "तुझा विश्वास नाही का?"

तिने आईकडे पाहिलं. वनमालाबाई खाली बघत होत्या. ताटलीतली ज्योत सांभाळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

राधिकाने मला पुन्हा टाकलं. तीन पडला.

अनंतरावांनी सुस्कारा सोडला, वाईट वाटल्यासारखा. पण त्यांचे खांदे सैल झालेले मी खालून पाहिले. "त्याच्या मनात नाही. आपण काय करणार?" राधिका रडली नाही. तिने मला पदराच्या टोकाने पुसलं, डबीत ठेवलं आणि झाकण लावलं. त्यानंतर कित्येक वर्षं तिने मला हात लावला नाही.

त्या जागेवर दुसरं कोणी लागलं. राधिकाने ओसरीवर शिकवण्या सुरू केल्या. आणि वनमालाबाईंनी एक नवा नेम धरला, लक्षवातींचा. रोज पूजेनंतर कापूस घेऊन देवासमोर बसायच्या आणि वाती वळायच्या. एकदा त्यांनी अन्नपूर्णेला जे सांगितलं ते मी शेजारून ऐकलं. "आई, मी जेवताना बोलली. माझा नेम मोडला अन् तू पोट्टीचं दान मोडलं. माझी शिक्षा तिले काहून दिली?"

ऐका मित्रांनो. ती बाई वर्षानुवर्षं असं समजत होती. एक घास तोंडात असताना आनंदाने ओरडल्याचं पाप तिने लाखभर वातींत वळून टाकायला घेतलं होतं. आणि मी शेजारीच बसलो होतो, अंगावर कुंकू घेऊन, मुका. त्या दिवसांत मला देवघराची लाज वाटू लागली. देवाची नाही. देवाने यात कुठे काय केलं होतं? त्याचं फक्त नाव वापरलं गेलं, जसं मला वापरलं गेलं.

मग एका संध्याकाळी ओसरीवर दहावीची मुलं बसली होती. धडा होता शक्यतेचा. इथली मुलं त्याला प्रायिकता म्हणतात. त्यांचा प्लॅस्टिकचा फासा नालीत पडला होता. राधिका खोडरबरावर आकडे लिहून काम भागवू पाहत होती. वनमालाबाई आतून आल्या आणि मला तिच्यापुढे धरलं. "हा घे. पाडव्याशिवाय लागते कोणाले?" राधिकाने हातातला खोडरबर खाली ठेवला. मग तिने मला घेतलं.

मुलांनी मला मनसोक्त टाकलं. कोणी नमस्कार केला नाही. सोनिया नावाची एक बडबडी मुलगी म्हणाली, "दीदी, लगातार दो बार छह आने का कितना?"

राधिकाने खडूने फरशीवर आडव्या सहा, उभ्या सहा अशा चौकटी काढल्या. पहिल्यांदा टाकला की सहा प्रकारे पडू शकतो, आणि त्या प्रत्येकाबरोबर दुसऱ्यांदा टाकला की पुन्हा सहा प्रकारे. किती घरं झाली ते तिने मोजायला सांगितलं.

"छत्तीस. अरे दीदी, अपने छत्तीसगढ़ के गढ़ जितने!"

"हव, उतने ही." मग तिने कोपऱ्यातलं एकच घर खडूने भरलं. पहिला सहा आणि दुसराही सहा, असं फक्त इथेच. छत्तीसात एक.

एवढ्यावर धडा संपला असता. पण राधिका थांबली नाही. समजा एका घरात दोन मुलं आहेत, ती म्हणाली. एकाला सांगितलं, एक पडला तरच हरलास, आणि पडलाच तर आणखी एकदा टाक. तो हरेल केव्हा? सोनियाने विचार केला, दोन्ही वेळा एक पडला तरच. म्हणजे छत्तीसांपैकी पस्तीस घरं त्याची. आणि दुसऱ्या मुलीला सांगितलं, सहा पडला तरच जिंकलीस, आणि पडला तर तो खरा करायला पुन्हा टाक. तिचं घर कोणतं? सोनियाने कोपऱ्यातल्या पांढऱ्या घरावर बोट ठेवलं.

"ये तो चीटिंग है दीदी."

"पासा तो वही है," राधिका म्हणाली. "चीटिंग सवाल में है."

दारात वाती वळत बसलेल्या वनमालाबाईंचा हात थांबला होता. त्यांना गणित येत नव्हतं, पण फरशीवरचं एक पांढरं घर आणि पस्तीस रिकामी घरं त्यांना दिसत होती. मुलं चपला शोधत निघून गेली. तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे मी बोलली म्हणून नाही?"

राधिकाला कळेना. मग वनमालाबाईंनी सगळं सांगितलं. जेवताना आलेला फोन, मोडलेलं मौन, वाती. राधिका ऐकत राहिली. तिच्या बोटांत मी होतो, आणि तिची पकड घट्ट होत गेली.

"आई, फासा ऐकत नाही," ती म्हणाली. "तू जेवताना बोलली त्याने काही झालं नाही. तेवढं एकच तर कोणी माझ्यासाठी बोललं होतं." तिने मला खडूच्या डब्यात ठेवलं. "पाडव्याले तू बोलली नाही. ते लागलं."

वनमालाबाईंच्या मांडीवरचा कापूस वाऱ्याने ओसरीभर पसरला, तो दोघींपैकी कोणीच गोळा केला नाही.

त्या वर्षीच्या पाडव्याला अनंतराव पाटावर बसले, ते मी ओसरीवरून उघड्या दारातून पाहिलं. आता ते थकले आहेत, डबी उघडायलाही वेळ लागतो. आत मी नव्हतो. वाती होत्या. त्यांनी विचारलं, फासा कुठे गेला?

"ओसरीवर आहे, पोट्ट्यांपाशी. मीच दिला," वनमालाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. "देवाले विचारायचं असंल तर तुमच्या तोंडानं विचारा. अन् कोणाले नाही म्हणायचं असंल, तर तेही तुमच्याच तोंडानं म्हणा. राधिकाच्या वेळी मी हे बोलायले पाहिजे होतं."

अनंतरावांनी मुलीकडे पाहिलं. राधिका चकल्या ताटात लावत होती. तिने लावणं थांबवलं नाही. ती जागा तर केव्हाच भरली गेली होती. आई बोलली म्हणून ती परत येणार नव्हती, आणि हे त्या घरातल्या तिघांनाही माहीत होतं. वनमालाबाईंनी डबीतल्या वाती काढल्या आणि दिव्यात घातल्या. त्या आता मोजत नाहीत. दिव्याला लागतात तेवढ्याच वळतात.

मित्रांनो, मी ओसरीवर सुखी आहे, असं मी म्हणणार नाही. रोज आपटून माझ्या कडा झिजतात, आणि कडा झिजलेला फासा हळूहळू खोटा पडू लागतो. म्हणून खेळून झालं की मला पुसून ठेवा, दगडावर फेकू नका, कधीमधी तेलाचं बोट लावा. आणि माझं एक ऐका. दोघांसाठी मला टाकणार असाल, तर दोघांना एकच प्रश्न विचारा. पडलेलं दान आवडलं नाही म्हणून पुन्हा टाकायला सांगू नका. जिथे तुम्हीच हो किंवा नाही म्हणायचं आहे, तिथे मला डब्यातून काढूच नका. आणि पाटाजवळ कोणी अशी प्रश्नातून फसवणूक करताना दिसलं, तर खाली मान घालून ज्योत सांभाळत बसू नका.

माझ्या सहाच्या बाजूवर कुंकवाचा डाग अजून आहे. लाकडात मुरलाय, धुऊन जात नाही. नवीन मुलं आली की हमखास विचारतात, दीदी, ये लाल क्या है?

"कुछ नहीं," राधिका सांगते. "इससे कुछ नहीं होता. तू डाल."